पाच चवींचं फळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझा रक्ताचा रिपोर्ट आला. एसजीपीटी ७८. चाळीसच्या आसपास असायला हवा तो आकडा जवळजवळ दुप्पट. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’. पहिली तोफ सासूबाईंनी डागली. “ह्या घरात दारूचा थेंब आला नाही, अंडं फुटलं नाही, दिवस मावळल्यावर ताट मांडलं नाही. मग लिव्हरला काय धाड भरली?” डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. एवढंच म्हणाले, “आजी, घरात कुंदा किती येतो?” बेळगावात राहून ह्या प्रश्नाला खरं उत्तर देणं अवघड आहे बघा.

त्यांनी एक गोळी लिहून दिली, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. त्याच आठवड्यात माझी भाची मेघना सिंगापूरहून आली. तिच्या पिशवीत तिथल्या चिनी औषधांच्या दुकानातली एक पुडी होती. वाळलेली, सुरकुतलेली, मिऱ्यापेक्षा जरा मोठी, काळसर तांबडी फळं. “मावशी, हे लिव्हरला एकदम चांगलं. चहासारखं उकळून प्यायचं. चिनी लोक दोन हजार वर्षं वापरतात. आणि शुद्ध शाकाहारी.”

गोळ्यांची पट्टी आणि ती पुडी, दोन्ही कितीतरी दिवस माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडून होत्या. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ‘दोन हजार वर्षं’ असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप पुस्तकाकडे जातो.

त्या फळाचं चिनी नाव ‘वू-वेइ-त्झ’, म्हणजे पाच चवींचं बी. चीनच्या ईशान्येकडच्या थंड डोंगरांत ह्याचा वेल झाडांवर चढतो आणि शरद ऋतूत त्याला लालभडक फळांचे घोस लागतात. कोरियातही होतो, रशियाच्या पूर्व टोकालाही होतो. साल आणि गर गोड-आंबट, आतलं बी तिखट-कडू, आणि सगळं मिळून खारट, असा त्याच्या नावाचा उलगडा सातव्या शतकातल्या चिनी ग्रंथकारांनी केलेला आहे. त्याही आधीचा ‘शेन्नोंग’ ह्या पौराणिक राजाच्या नावावर चालणारा औषधीकोश आहे. त्यात ३६५ औषधं तीन वर्गांत मांडली आहेत. वू-वेइ-त्झ वरच्या वर्गात, म्हणजे दीर्घकाळ घेतलं तरी चालेल अशांच्या पंगतीत. म्हणजे मेघनाची दोन हजार वर्षं खरी.

पण कशासाठी? खोकला, दम, फार घाम येणं, जुलाब, झोप न लागणं. कावीळ किंवा यकृत ह्यासाठी ह्या फळाची ख्याती नव्हती. ती ख्याती पन्नासएक वर्षांपूर्वीची. माझ्या लग्नाच्या वयाची म्हणा ना.

काविळीसाठी जुन्या चीनमध्ये वेगळी औषधं होती. इसवी सन २०० च्या सुमाराचा वैद्य चांग चुंगचिंग, त्याच्या ग्रंथातला एक काढा आजही तिकडे देतात. त्यात तीनच वस्तू. एक यिनचन, ती आपल्या दवण्याची बहीण; जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातली. दुसरी अनंताचं फळ. आपण अनंत फुलासाठी लावतो, तिकडे त्याच्या फळाचा पिवळा रंगही काढतात आणि औषधही. तिसरी रेवंदचिनी. ती तर आपल्या आज्यांच्या बटव्यात होतीच, आणि कुठून आली ते नावातच लिहिलेलं आहे. हे वाचलं तेव्हा चीन मला एकदम खडेबाजाराच्या पलीकडे आहे असं वाटलं.

मग वू-वेइ-त्झ यकृताकडे वळलं कसं? १९७० च्या दशकात चीनमध्ये काविळीचा विषाणू घरोघर होता. हेपटायटिस बी शरीरात घेऊन जगणारी माणसं शंभरांत दहाच्या आसपास, असं पुढे १९९२ च्या पाहणीत मोजलं गेलं. तेव्हा त्यावर ना लस होती, ना विषाणूला आवरणारं औषध. जुन्या औषधांतून काही सापडतं का बघा, असं सरकारी धोरण होतं. दवाखान्यांतल्या डॉक्टरांना दिसलं की वू-वेइ-त्झची पूड घेणाऱ्या रुग्णांचा एसजीपीटी उतरतो. बीजिंगच्या औषधसंशोधन संस्थेत ल्यू कंगताओ आणि त्यांचे सहकारी ह्या धाग्यामागे लागले. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड द्यायचं (हे द्रव्य पूर्वी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरत, आणि ते यकृत जाळतं), मग फळाचे वेगवेगळे अर्क देऊन कुठला यकृत वाचवतो ते बघायचं. उंदरांचं वाचून माझा जीव कासावीस झाला, ते इथे लपवत नाही.

निघालं काय? गुण गरात नव्हता, बियांत होता. बियांतली जी द्रव्यं कामाची, लिग्नान म्हणतात त्यांना, ती पाण्यात नीट उतरतच नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. म्हणजे मेघनाने सांगितल्यासारखा चहा उकळून प्यायला तर चव आणि रंग मिळेल, पण ज्यासाठी पुडी आणली ते बहुतेक गाळणीतच राहील. त्याच सुमाराला तू योयो ह्या बाई मलेरियावरची वनस्पती तपासत होत्या. उकळून गुण जातो, हे त्यांना एका जुन्या ग्रंथातल्या ओळीवरून सुचलं. त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. दोन्ही कथांत परंपरेने वस्तू दाखवली, पण ती वापरायची कशी ते मोजून बघावं लागलं.

पुढे त्या लिग्नानांच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत नवं द्रव्य बनवलं गेलं, बायफेंडेट नावाचं. त्याच्या गोळ्या चीनमध्ये खूप खपल्या. त्याची सुधारलेली धाकटी बहीण बायसायक्लॉल, तिला चीनमध्ये २००१ साली मान्यता मिळाली. त्या गोळीत फळ नाही, बीही नाही. फळाची फक्त आठवण आहे.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारं एक एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात येतं. माठाला तडा गेला की खालची फरशी ओली होते ना, तसं. आता फरशी पुसून कोरडी केली म्हणजे माठ सांधला का? बायफेंडेटबद्दल हाच वाद झाला. गोळी चालू असताना आकडा झरझर उतरायचा. बंद केली की बऱ्याच जणांचा पुन्हा वर जायचा. विषाणू तर आत तसाच बसलेला. चिनी संशोधकांनीच हे लिहून ठेवलं, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. चीनमधला हेपटायटिस बी खरा हटवला तो लसीने. १९९२ पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात झाली आणि २००६ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांतलं प्रमाण एक टक्क्याच्याही आत आलं होतं. बाळाच्या मांडीवरची एक सुई. तिला ना पाच चवी, ना दोन हजार वर्षं.

आपल्याकडच्या ‘कावीळ उतरवणाऱ्यां’ची इथे आठवण होते. मी लहान असताना आमच्या गावी एक आजोबा होते. झाडपाल्याचा रस हाताला चोळायचे, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं. “बघ, निघाली कावीळ!” माझ्या थोरल्या भावाची अशीच ‘निघाली’. तो बराही झाला. पण पाणी पिवळं व्हायचं ते रस आणि चुना एकत्र आल्यामुळे, आणि ज्याला कावीळ नाही त्याचेही हात तसेच धुऊन निघाले असते. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून बरी होते. त्या दिवसांत जो काही देईल त्याला यश येतं. १९८८ साली शांघायमध्ये अर्धे कच्चे शिंपले खाल्ल्यामुळे सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. लोकांनी एका मुळाच्या औषधी चहासाठी दुकानांसमोर रांगा लावल्या. जवळपास सगळे बरे झाले. श्रेय कुणाला द्यायचं ते ज्याने त्याने ठरवलं असणार.

मेघनाच्या वाक्यातला शेवटचा शब्द मात्र मला जास्त सलत होता. शाकाहारी. आपल्या घरांत ह्या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘निरुपद्रवी’ असा होऊन बसलेला आहे. झाडपाला आहे, अपाय तर करणार नाही! हे वाक्य मी स्वतः किती जणींना ऐकवलंय.

जपानमधली हकिकत ऐका. त्याच चांग चुंगचिंगचा दुसरा एक काढा, जपानीत ‘शो-साइको-तो’. सात वस्तू: दोन चिनी मुळं, एक कंद, जिनसेंग, ज्येष्ठमध, आलं आणि चिनी बोरं. (आपल्याकडे आलं वर्ज्य आणि सुंठ चालते, म्हणून सासूबाईंनी लगेच विचारलं, “ओलं की वाळलेलं?”) १९७६ पासून असे काढे जपानच्या सरकारी आरोग्यविम्यात आले, आणि जुनाट काविळीच्या रुग्णांना हा काढा सर्रास दिला जाऊ लागला. उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यासही आले. पण काही रुग्णांना कोरडा खोकला, धाप सुरू झाली. फुप्फुसांना आतून सूज. १९९४ मध्ये इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांबरोबर तो द्यायला बंदी झाली, तरी १९९६ च्या मार्चपर्यंत आणखी ८८ जणांना तो त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांतले दहा दगावले. यकृत वाचवायला घेतलेल्या काढ्याने श्वास नेला. जपानी सरकारने तातडीची सूचना काढली. ती निघू शकली, कारण कुणीतरी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली होती.

आणि केस काळे करणारं मूळ? हो-शोउ-वू, ‘काळ्या केसांचे हो महाशय’. पिकलेले केस काळे होतात म्हणून त्याच्या गोळ्या, तेल, शांपू जगभर विकले जातात. पोटात घेतल्यावर काही जणांच्या यकृताला गंभीर इजा होते, अशी सूचना चीनच्याच औषधनियामक खात्याला २०१४ मध्ये द्यावी लागली. जुने वैद्य ते मूळ काळ्या घेवड्याच्या रसात शिजवून घ्यायला सांगत. कच्चं मूळ जास्त घातक. कष्टाची कृती गेली, नाव तेवढं राहिलं.

दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी सांगताना आपलंही सांगावं. करोनाच्या दोन वर्षांत मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा प्यायले. नंतरही सोडला नाही. शेजारच्या चार जणींना वेलाचे तुकडे वाटले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असेल म्हणाले. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या शहरांतल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण नोंदवले. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “घरगुती काही घेता?” मी म्हटलं, “नाही.” काढा हा ‘काही’त धरायचा असतो हे माझ्या मनातच आलं नाही. दुसऱ्या भेटीत सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी तो बंद करायला लावला. माझ्या ७८ मध्ये कुंद्याचा वाटा किती आणि गुळवेलीचा किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या चौघीजणींना मात्र मी फोन केले. एकीने अजून सोडलेला नाही.

आता टेबलावरची दुसरी वस्तू. ती गोळी. ‘अर्सो’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. हे वाचलं त्या रात्री मी पट्टी हातात घेऊन बसून राहिले.

इसवी सन ६५९ मध्ये तांग घराण्याच्या आज्ञेने चीनचा सरकारी औषधीकोश तयार झाला. साडेआठशेच्या आसपास औषधं. वू-वेइ-त्झच्या पाच चवींचा उलगडा ह्याच कोशातला. आणि ह्याच कोशात अस्वलाचं पित्तही येतं, तापाबरोबर होणाऱ्या काविळीवर. म्हणजे मेघनाची पुडी आणि डॉक्टरांची गोळी, दोघींची गाठ तेराशे वर्षांपूर्वी एकाच ग्रंथात पडलेली! १९२७ मध्ये जपानच्या ओकायामा इथे शोदा ह्या संशोधकाने अस्वलाच्या पित्तातून हे आम्ल वेगळं काढलं. आणि हे काही थोतांड नव्हे. यकृतातल्या बारीक पित्तनळ्यांचा एक आजार आहे, जो बहुतांशी बायकांनाच होतो. त्यावर हे औषध खरंच काम करतं. १९५० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागलं. तरीही १९८० नंतर चीनमध्ये काळ्या अस्वलांचे पिंजरे उभे राहिले. छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला हा प्राणी, आपल्या हिमालयातही असतो. पित्ताशयाला भोक पाडून वर्षानुवर्षं त्याचं पित्त काढत राहायचं. ह्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत चिनी माणसंही पुष्कळ आहेत.

माझ्या गोळीत अस्वल नव्हतं. पण कारखान्यात ते आम्ल बहुतेक वेळा बनतं गुराढोरांच्या पित्तापासून. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, “बाई, ही गोळी आहे, कॅप्सूल नाही. म्हणजे व्हेजच.” बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका औषधाच्या पट्टीवर सक्तीचा नसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं.

सासूबाईंनी निकाल लगेच दिला. “फेकून दे.” मला तेवढं सोपं वाटेना. आपल्याकडे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला आणि औषधात मांस कशाला हवं, असा वाद मांडला. १९४० साली सोलापुरात तो छापून निघाला. सासऱ्यांच्या कपाटात ती जाडजूड प्रत आहे. तो वाद फक्त आपणच घातला, अशी माझी समजूत. पण त्या सरकारी कोशाच्या सातच वर्षं आधी, ६५२ च्या सुमाराला, सुन सिमिआओ नावाच्या चिनी वैद्याने लिहून ठेवलं आहे की जीव वाचवण्यासाठी जीव घेणं म्हणजे जीवनापासून आणखी दूर जाणं, म्हणून माझ्या औषधांत मी जिवंत प्राणी वापरत नाही. बाजारात आधीच मेलेले किडे, जळवा मिळतात, तेवढे चालतात म्हणतो. अंड्याबद्दल तर त्याची घालमेल वाचण्यासारखी आहे. अगदी निकराचा प्रसंग असेल तर मन घट्ट करून वापरावं. जो त्याच्याविनाही भागवेल तो खरा शहाणा, आणि आपल्याला तेवढं साधत नाही, अशी कबुली देऊन तो मोकळा होतो. अंड्यापाशी अडलेला हा चिनी म्हातारा मला फार जवळचा वाटला.

मी डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, ही गोळी मला लागतेच का? ते म्हणाले, “तुमच्या बाबतीत नाही घेतली तरी चालेल. सहा किलो वजन उतरवा, गोड तोडा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पित्तनळ्यांचा आजार असता तर मी ऐकलं नसतं.” तो आजार असता तर मी काय केलं असतं? घेतली असती. सासूबाईंना हे सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

चार किलो उतरले. आकडा ४६ वर आला. काढा बंद, कुंदा सणाला, संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकाकडून चालत जाऊन येते.

पुडी तशीच होती. परवा मेघनाचा फोन आला, “मावशी, संपलं का?” खोटं बोलवेना, म्हणून पुडी फोडली आणि एकेक फळ सगळ्यांच्या हातावर ठेवलं. सासूबाईंनी आधी वास घेतला, मग ते तोंडात धरून डोळे मिटले. “आंबट… थोडं गोडसर… थांब, आता जीभ चुरचुरते.” मग तळहातावर बी काढलं, पदराला पुसलं आणि म्हणाल्या, “बाकी ठीक आहे. बी तेवढं टाकून द्यायचं ना?”